खोपोलीच्या काकूंचं फूल

लढाई संपली त्या हिवाळ्यात मी कर्जतच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. डोक्याला पगडी, मांडीवर बियाण्यांचा विलायती कॅटलॉग. आपण इथलेच, कर्जतचे राहणारे, निवृत्त मामलेदार आहोत, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

कॅटलॉगात फ्लॉक्सचं एक वाळलेलं फूल होतं. ते भिंगाखाली धरून मामलेदार एकेका चित्राशी ताडून पाहत आणि पुराव्याअभावी आरोपी सोडावा तसं पान उलटत. पत्नी पावसाळ्यात वारली होती, आणि तिचा वाफाही कुजला होता. तोच फ्लॉक्स त्यांना पुन्हा लावायचा होता. पण जातीचं नाव सांगितल्याशिवाय मुंबईच्या दुकानात बी कसं मागणार?

“घरी काय म्हणत याला?” मी विचारलं.

“आमचं कुटुंब म्हणे, खोपोलीच्या काकूंचं. बायकांचं काय, ज्यानं रोप दिलं त्याचं नाव झाडाला! हे काय शास्त्र झालं?”

“मग खोपोलीलाच जा की. गाडी समोर उभी आहे. काकूंकडे बी असेलच.”

त्यांनी भिंग पुसलं. स्वच्छ होतं, तरी पुन्हा पुसलं.

“ती दर संक्रांतीला म्हणायची, चला एकदा. मी कधी गेलो नाही. आता दारात उभा राहून कोण आलंय म्हणून सांगू?”

मुंबईची गाडी आली आणि गेली. ते बसूनच होते. खोपोलीच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा मात्र घाईनं उठले. डब्यात चढताना ते स्वतःशीच घोकत होते, “कर्जतच्या वहिनींचे यजमान. कर्जतच्या वहिनींचे यजमान.”