आधी गाल बघ

वासंतीताई पेशंटला प्रश्न विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. बिचाऱ्याच्या तोंडात एकीकडे आरसा, दुसरीकडे पाणी ओढणारी नळी. तो बोलणार काय कपाळ! "जेवलात का? जेवलात. काय, मेथी? मेथीच. दिसतीय की इथं." पेशंटला हसू यायचं, घाबरून आवळलेला जबडा सैल पडायचा आणि ताईंचं काम सोपं व्हायचं.

नाशकात गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात आम्ही दोघी लोकांच्या दातांवरचं कीटण काढायचो. आमच्या हुद्द्याचं नाव हायजिनिस्ट. ते कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून लोक सिस्टर म्हणून मोकळे होतात. ताई घोटीहून रोज एसटीने यायच्या, पंधरा वर्षं. मी नवीन लागले तेव्हा हत्यार घेऊन थेट दातांना भिडले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "अगं मने, दात कुठं पळून जात नाय. आधी गाल बघ."

आमच्याकडे तंबाखू मळणारे काय थोडे आहेत? गालाच्या आत कॅन्सरच्या आधीचा पांढरा चट्टा उठला तर ज्याचा त्याला तो दिसत नाही. ताई दोन्ही गाल, जीभ, जिभेखालची जागा, सगळं बॅटरी मारून बघायच्या आणि मगच कार्डावर 'गाल' या शब्दापुढे बरोबरची खूण करायच्या. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या निकमकाकांचा चट्टा त्यांनीच पकडला होता. वेळेवर उपचार झाले, माणूस वाचला. तेव्हापासून काका दर सहा महिन्यांनी चिवड्याचं पुडकं घेऊन तपासून घ्यायला यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "आमची ताई कुठंय?"

मग डॉक्टरांनी दुसरी शाखा काढली आणि आमच्या खुर्च्यांपाशी गजर आले. एका पेशंटला वीस मिनिटं. वाजला की पुढचा. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण मला त्यांचा राग येतो तो येतोच. ताई बोलायला गेल्या तर म्हणाले, "ताई, तुमच्यासारखा हात कुणाचा चालत नाही, म्हणून तर तुम्हाला जास्त पेशंट देतो." घ्या! चांगलं काम केल्याचं बक्षीस काय, तर आणखी काम.

ताईंची आधी उत्तरं बंद झाली, मग प्रश्नही. मान आखडलेली, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. दुपारी डबा उघडायच्या आणि तसाच झाकून ठेवायच्या. मी म्हणायचे, "ताई, सोडून द्या ना." त्या म्हणायच्या, "आणि जाऊ कुठं? आपल्याला काय स्वतःची पाटी लावता येते? डॉक्टर बदलंल, खुर्ची तीच." ते खरंच होतं; आमच्या हुद्द्याला डॉक्टरच्या हाताखालीच काम करता येतं.

एका दुपारी चहाचा कप हातात धरून त्या एकदम थांबल्या. "मने, सकाळी निकमकाका येऊन गेले ना? मी त्यांचा गाल बघितला का गं?"

मी कार्ड काढलं. "खूण आहे की."

"खूण असणारच." त्यांनी कप खाली ठेवला. "सकाळी आल्या आल्या सगळ्याच कार्डांवर करून ठेवते. तेवढाच येळ वाचतो."

त्यांनी काकांना फोन लावला. काका हसले, "येतो की सावकाश, एवढी काय घाई!" ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बॅटरी पिशवीत घातली आणि ओझरची बस धरली. मला राहवेना, मीही रजा टाकून निघाले. काकांच्या ओट्यावर, शेजारीपाजारी बघत असताना, ताईंनी त्यांना आ करायला लावलं. खूप वेळ बघितलं. गाल स्वच्छ होता.

काका खूश! पण परतीच्या बसमध्ये ताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी म्हटलं, "अहो, चांगलंच निघालं ना सगळं?"

"निघालं गं. पण ते मला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांत मला ठाऊक नाय असं कधी झालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच खुर्चीवर होत्या. पुढे वर्षभर होत्या. त्या दिवसापासून कार्डावर आधी खूण करणं त्यांनी सोडलं, म्हणून रोज शेवटच्या पेशंटला उशीर व्हायचा आणि त्या रोज डॉक्टरांची बोलणी खायच्या. शेवटी बोटांत हत्यार धरवेना, तेव्हाच सुटल्या. आता घोटीला भावाच्या भातगिरणीवर बसतात. फोन केला की विचारतात, "जेवलीस का? जेवलीस. काय, डाळभात? डाळभातच." तो आवाज परत आलेला ऐकून मला बरं वाटतं आणि, खोटं कशाला बोलू, हेवाही वाटतो.

कारण त्यांचे पेशंट आता माझ्याकडे आहेत. परवा एका बाईंचं कार्ड उचललं, तर 'गाल'पुढे खूण तयार. बाई अजून बाहेर चपला काढत होत्या. खूण माझ्याच हातची होती, सकाळची. कधी केली, मला आठवेना.

मी ती खोडली. बाई आत येऊन बसल्या, गजराकडे बघून म्हणाल्या, "किती वेळ लागेल हो सिस्टर?"

"दात कुठं पळून जात नाहीत," मी म्हटलं आणि बॅटरी शोधायला लागले. ती खणात अगदी तळाशी होती.