व्हर्लीनबाईंचा लाल ठिपका

व्हर्लीन स्टकी यांनी एकतीस वर्षं आमच्या गावच्या शाळेची बस चालवली. ओक्लाहोमातल्या आमच्या पिढीतलं एकही पोर त्यांच्या धाकातून सुटलेलं नाही. नवरा वारल्यावर गावाबाहेरच्या घरात त्या एकट्याच उरल्या, तेव्हा त्यांनी पिस्तूल घेतलं. चष्म्यातून नेम धरणं जमेना, म्हणून दुकानदाराने पिस्तुलाखाली लेझर बसवून दिला. जिथे लाल ठिपका, तिथे गोळी.

"खेळणं आहे ते," डेल्बर्ट क्रम म्हणाला. डेल्बर्ट निवृत्त पोलीस. निम्म्या गावाला नेमबाजी त्यानेच शिकवलेली. "हात स्थिर पाहिजे, व्हर्लीन. माझा म्हणजे दगड!"

शनिवारी दुपारी तो त्यांना सरावाच्या मैदानावर घेऊन गेला. ऊन असं रखरखीत की ठिपका दिसेचना. रिकामं पिस्तूल रोखून व्हर्लीनबाई तो शोधत एक पाऊल पुढे गेल्या, मग आणखी एक. ठिपका सापडला तेव्हा नळी आणि नेमासाठी उभा केलेला पुठ्ठ्याचा चोर यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

"आता त्याला गोळी घालतेस का मुका घेतेस?" डेल्बर्टने विचारलं.

बाई तणतणत घरी आल्या. पडदे ओढून त्यांनी रिकामं पिस्तूल भिंतीवर रोखलं. ठिपका ठसठशीत दिसला, पण एका जागी थांबेना. कॅलेंडरवर गेला, घड्याळावर गेला, नवऱ्याच्या फोटोत मिशीवर नाचला. लेझर बिघडला म्हणून त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तो टेबलावर ठेवला. ठिपका खिळा ठोकल्यासारखा स्थिर.

"यंत्र ठीक आहे, बाई," तो म्हणाला आणि उगाचच खोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नुसता लेझर पर्समध्ये घालून लोरेटाच्या खानावळीत आल्या. आम्ही सगळे नाश्त्याला होतो. "धर हा," त्या डेल्बर्टला म्हणाल्या. "त्या हरणाच्या नाकावर."

भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाकडे सगळी खानावळ बघू लागली. डेल्बर्टचा ठिपका शिंगांवर चढला, छताला लागला, पाद्रीबाबांच्या टकलावर उतरला.

"ही कॉफी फार कडक असते," डेल्बर्ट म्हणाला.

"कॉफी अजून दिलीच नाहीये मी तुला," लोरेटा म्हणाली.

मग रांगच लागली. शिकारीच्या बढाया मारणाऱ्या एकालाही ते नाक सापडलं नाही. शेवटी लोरेटाने एका हातावर तीन ताटं पेलून दुसऱ्या हाताने लेझर धरला आणि ठिपका हरणाच्या नाकपुडीत नेऊन ठेवला.

हशा पिकला. डेल्बर्ट मात्र उठून बाहेर गेला. व्हर्लीनबाई मागोमाग गेल्या तेव्हा तो आपल्या गाडीत बसून होता.

"दोन वर्षं झाली," तो हळूच म्हणाला. "शर्टाची बटणं पण बायको लावते."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

त्याच आठवड्यात दोघं एकाच गाडीतून डॉक्टरकडे गेले. व्हर्लीनबाईंची थायरॉइडची गोळी जास्त होत होती. ती कमी केल्यावर हात थरथरायचा थांबला. डेल्बर्टला कंपवात निघाला. औषधांनी बरंच सावरलंय, सगळं नाही.

लेझर बाईंनी काढून टाकला. डेल्बर्ट अजून शनिवारी त्यांना शिकवायला येतो, हात खिशात घालून, नुसत्या तोंडाने. परवा सहापैकी पाच गोळ्या पुठ्ठ्यात बसल्या. सहावी कुठे गेली यावरून दोघांचं मैदानात जोरदार भांडण चाललं होतं.