बशीरभाईंचा उजवा हात

बशीरभाई मिस्त्री कुठलंही यंत्र बघायला आले की आधी दातांनी बघायचे. आमच्या अंबाजोगाईच्या घरी पाण्याची मोटर बसवली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीचा उंच माणूस मोटरपाशी उकिडवा बसला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. मोटरसोबत आलेलं माहितीपत्रक मी आधीच नीट वाचून ठेवलं होतं. बशीरभाईंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बाई, मागली बेअरिंग बसली न्हाई. मोटर नवी हाय, पर आजारी हाय." माहितीपत्रकात असं काही नव्हतं. मोटर उघडली तेव्हा मागची बेअरिंग तिरकी निघाली.

मुलांनो, तुम्हा दोघांना तिकडे लांब नळाला चोवीस तास पाणी असतं, म्हणून आधी त्यांचं काम सांगते. बशीरभाई बोअर घेणाऱ्या मशीनवर मिस्त्री होते. मशीन चालवायला वेगळा ऑपरेटर असे, त्याचं नाव सोपान. मिस्त्री मशीनच्या उभ्या खांबावर तळहात ठेवून उभा राही आणि खाली खडकात काय चाललंय ते ओळखून सोपानला खूण करी. एक बोट वर म्हणजे चालू दे. मूठ म्हणजे थांब. शंभर-दोनशे फूट खाली कुणाला दिसतंय? तरी बशीरभाईंनी मूठ वळली की मशीन थांबायचं, हा आमच्या भागातला विश्वास होता. तरुणपणी ते गुजरातेत तेलाच्या विहिरींवर होते. तिथेच हे शिकले. "तितं ब्रेकचा दांडा हातात धरला की मैलभर खालचं कळायचं," असं ते सांगत. मला ते खरं वाटत नसे, पण मोटरीच्या प्रकारानंतर मी वाद घालणं सोडलं होतं.

तेव्हा परदेशी कंपन्यांना नुकती दारं उघडली होती. परळीच्या रस्त्यावर नव्या पाट्या लागत होत्या आणि वर्तमानपत्रात रोज एक नवा शब्द येई. अशात एका दुपारी बशीरभाई एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. गुजरातेतले त्यांचे जुने साहेब आता खासगी कंपनीत होते, त्यांनी ते टपालानं पाठवलं होतं. आत हिंदीत एकच ओळ होती: बशीर, तेरे काम की चीज़ है, किसी से पढ़वा लेना.

"बाई, येवढं वाचून सांगा," बशीरभाई म्हणाले. "सगळं सांगा. गाळू नगा."

तेल आणि वायूच्या विहिरी खणताना होणारं कंपन मोजणाऱ्या यंत्रांना पुढच्या काळात बाजार कसा राहील, याचा तो अहवाल होता. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पण मुलांनो, इंग्रजी येणं आणि तो अहवाल कळणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. खासगी कंपन्या आल्या तर मागणी वाढेल. तेलाचा भाव पडला तर घटेल. भाव पडूनही खर्च वाचवायचा म्हणून लोक यंत्रं घेतील, तेव्हा कदाचित वाढेल. मी तीन वेळा वाचलं आणि तीन वेळा वेगळं सांगितलं.

"म्हंजे त्यांना बी ठावं न्हाई," बशीरभाई म्हणाले.

पुढे जमिनीत फिरणाऱ्या नळीच्या थरथरण्याचे प्रकार दिले होते. मी शब्द शोधत म्हणाले, "पहिलं कंपन अक्षाच्या दिशेचं, दुसरं..."

"वर-खाली?"

"हो."

"ती उसळी. दुसरं काय, पीळ खाऊन सुटतंय का?"

"बहुतेक तसंच."

"आन् तिसरं भोकाच्या भिंतीला धडका देत फिरतंय. त्याला आमी घोळ मन्तो. घोळ लई वंगाळ. नळी खाऊन टाकतो." त्यांनी चहाचा स्टीलचा पेला उजव्या हातात उचलला. तो इतका गरम होता की मी पदरानंसुद्धा धरू शकले नव्हते. मला वाटलं, कष्टाचा हात आहे.

मग त्यांनी विचारलं, "ह्ये यंत्र आपल्याकडं कवा येनार, बाई?"

मला त्यांचा प्रश्न कळला, असं मला वाटलं. ज्या माणसाची रोजीरोटी हातावर आहे, त्याला हाताचं काम करणाऱ्या यंत्राची भीती वाटणारच. मी सगळी पानं पुन्हा चाळली आणि आनंदानं म्हणाले, "इकडे येणारच नाही. यात समुद्रातल्या विहिरी आहेत, वाळवंटातल्या आहेत, पण पाण्याच्या बोअरची एक ओळसुद्धा नाही. ही यंत्रं फार मोठ्या कामांसाठी आहेत. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही म्हणा ना."

त्यांनी पेला खाली ठेवला, पुस्तक पिशवीत घातलं आणि "बरं झालं सांगितलं" म्हणून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, ते मला थकव्यामुळे वाटलं. त्या दिवशी मी एका माणसाची चिंता दूर केली, अशा समाधानात मी पेपर तपासायला बसले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्या परसात बोअर घ्यायचं ठरलं. बशीरभाई आणि सोपान मशीन घेऊन आले. सकाळभर राखाडी धूळ उडत होती. बशीरभाई खांबावर हात ठेवून उभे होते, मधूनच हात काढून जबडा टेकवत होते, पुन्हा हात ठेवत होते. त्यांचं बोट वरच होतं. मुठीची खूण झालीच नाही. एकाएकी मशीन कण्हल्यासारखं झालं, गाडी हलली आणि सगळं थांबलं. खाली दगड फोडणारा हॅमर अडकला होता. दोन तास ओढाताण झाली. शेवटी नळी तुटून वर आली, हॅमर खालीच राहिला.

सोपान संतापला होता. वय, मान, काही न बघता तो ओरडला, "काय बे मिस्त्री! येवढा घोळ झाला, समजला न्हाई? हात हाय का लाकूड?"

बशीरभाई त्याच्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "लाकूडच हाय."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी पडली होती. "दोन सालं झाली. दवाखान्यात दावला. डाक्टर मन्ला, जन्मभर थरथर धरली, नसा मेल्या. आता यंत्राचं काम सोडा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हनून तर बाई, ते यंत्र कवा येनार इचारलं. मला पायजे होतं."

मी अहवालातली पानं मोजून वाचली होती, पण बशीरभाई तो का वाचून घेतायत हे विचारलं नव्हतं. ज्याची त्यांना आशा होती, ते कधीच येणार नाही असं मी त्यांना हसत हसत सांगितलं होतं.

मी त्यांच्याकडून अहवाल पुन्हा मागून घेतला आणि त्यावरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. पाण्याच्या बोअरसाठी असं एखादं लहान यंत्र मिळेल का, हे स्वच्छ इंग्रजीत विचारलं. दीड महिन्यानं भलंमोठं पाकीट आलं. त्यात माझ्या आस्थेबद्दल आभार होते आणि सोबत त्याच अहवालाची आणखी एक प्रत. बशीरभाईंनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. "एक तुमी ठिवा, एक मी ठिवतो. दोघांना मिळून समजनार न्हाई." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

आमचं बोअर मात्र त्यांच्या मनाला लागलं होतं. "तुमच्या परसात माझा हॅमर गाडलेला हाय. पानी दिल्याबिगर मशीन सोडनार न्हाई," म्हणून ते पाकीट आल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा आले. सोपानही आला. जुन्या भोकापासून वीस पावलं लांब मशीन उभं केलं. सुरू करायच्या आधी बशीरभाई म्हणाले, "बाई, हितं या. खांबाला हात लावा."

"मी?"

"सोपान्याचे दोनी हात दांड्यावर असत्यात. माझ्या जबड्याच्या हाडाला आवाज समजतो, जोर समजत न्हाई. तुमचा हात कवळा हाय, खडूच्या भुकटीबिगर काय लागलंय त्याला? बगा आन् मला सांगा."

मी पदर खोचला आणि तळहात टेकवला. मशीन सुरू झालं आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी ओरडून म्हणाले, "कंपन वाढतंय!"

"ते कागदातलं नगं! हाताला काय लागतंय?"

काय लागत होतं? मला काहीच उलगडत नव्हतं. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या बाईला एक शब्द सुचेना. "जात्यावर भरड दळतोय असं!" मी म्हणाले. बशीरभाईंनी बोट वर ठेवलं. "आता पीठ बारीक झालं!" बोट तसंच. "आता... आता उखळात मुसळ नीट बसत नाहीये, कडेला लागतंय!"

त्यांनी मूठ वळली. सोपाननं मशीन थांबवलं. नळ्या थोड्या वर घेतल्या, हळूहळू पुन्हा सोडल्या. असं दुपारपर्यंत चार वेळा झालं. साडेतीनच्या सुमारास धुळीचा चिखल झाला, मग गढूळ पाणी उसळलं. फार नव्हतं, पण होतं. या वेळचा हॅमर सलामत वर आला. सोपाननं तो आधी बशीरभाईंपुढे ठेवला आणि म्हणाला, "मिस्त्री, चुकलं माजं." बशीरभाई म्हणाले, "बाईला म्हन. आज मिस्त्री ती होती."

त्यानंतर त्यांनी बोअरचं काम घेतलं नाही. थोड्याच दिवसांत ते कडा या गावी मुलीकडे राहायला गेले.

मला मात्र एक प्रश्न पडला होता. माझ्या त्या जात्या-मुसळाच्या बोलण्यावर त्यांनी खरोखर मशीन थांबवलं, की इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांना आतून कळतच होतं आणि मी दिलेल्या खोट्या दिलाशाचा सल माझ्या मनात राहू नये म्हणून मला खांबापाशी उभं केलं? मी त्यांना पत्र लिहून हे विचारलं, या वेळी मराठीत. उत्तर मुलीचं आलं. अब्बा मागच्या महिन्यात गेले, तुमचं पत्र कपाटात ठेवलं आहे, एवढंच त्यात होतं.

त्या दिवशी खांबावर हात माझा होता, इतकंच मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकते.