मेंढीच्या पाठीइतकं पाणी

आम्ही प्लॉट घेतला तो भर चैत्रात. नव्वदचं दशक सरत आलं होतं. औंढ्याहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला नव्या दहा घरांची आमची गल्ली. जमीन कोरडीठाक, भेगाळलेली. एवढी मोकळी जागा स्वस्तात मिळाली म्हणून नवरा खूश, मीही खूश. घाईनं घर बांधून राहायला आलो, आणि श्रावणात दारापुढं तळंच येऊन बसलं.

पलीकडच्या काठावर मेंढपाळांची चार घरं होती. त्यांतल्या एका म्हातारीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. ती पदर तोंडाला लावून हसली. "उन्हाळ्यात जागा पाहिली व्हय? काहून बाई? इथं तर आमी मेंढरं धुतो!"

मला तिचा असा राग आला! पण खरं सांगायचं तर त्या पाण्यावर माझा जीव जडला होता. दुपारी पोरीला पाळण्यात घातलं की पाण्यावरचं ऊन खिडकीतून आत यायचं आणि छताच्या पत्र्यावर हलत राहायचं. लव्हाळ्यातून पाणकोंबडी एकेक पाऊल जपून टाकत जायची. वर ढग, खाली ढग, मध्ये आमचं घर. भाजी करपल्याचा वास आला की मी दचकून जागी व्हायचे, झोपलेली नसतानाही. नवरा म्हणायचा, "तुला घर नको होतं, होडी पाहिजे होती."

पण होडीला मातीत रचलेल्या विटांच्या भिंती नसतात. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी आत शिरलं, ज्वारीच्या पोत्याला मोड फुटले, मागची भिंत फुगली. गवंड्यानं सांध्यात बोट खुपसून दाखवलं आणि सांगितलं, आणखी एकदा पाणी शिरलं तर ही बसली म्हणून समजा.

उन्हाळ्यात गल्लीतल्या पुरुषांनी ओढ्यापर्यंत चर खणायचं ठरवलं. असा खोल, की तळ्यात थेंब राहू नये. खणायला सुरुवात झाली त्या सकाळी मावशी आली, सोबत तिची सगळ्यांत उंच मेंढी. दसऱ्याच्या आसपास लोकर कातरायची, त्याआधी मेंढ्या धुवाव्या लागतात. मळकी लोकर कातरीत अडकते आणि जनावराला जखमा होतात. तळ्याच्या तळाशी एकच मुरमाड पट्टा होता, बाकी सगळा चिखल. त्या पट्ट्यावर मेंढी उभी राहिली की तिची पाठ भिजली पाहिजे, एवढंच मावशीचं मागणं. तिनं मेंढीच्या पाठीइतकी खूण काठीवर केली आणि काठी पट्ट्यावर उभी धरली.

"खुणेच्या वरचं पाणी तुमचं, खालचं आमचं. बराबर?"

पुरुष कुरकुरले, पण कबूल झाले. गवंड्यानं पाणसळ लावून त्याच पातळीला, चराच्या तोंडाशी, तीन फरश्या एकावर एक रचल्या. वरचं पाणी फरश्यांवरून ओढ्याला जाणार, खालचं तळ्यात राहणार.

त्या वर्षी घर कोरडं राहिलं आणि दसऱ्याच्या आधी मी मेंढ्या धुताना पाहिल्या. काळ्या मेंढ्या पाण्यात उतरायच्या, माणसं लोकरीत हात घालून चोळायची, आणि काठावर आलेली मेंढी अंग झटकायची तेव्हा तिच्याभोवती क्षणभर इंद्रधनुष्य उभं राहायचं. माझी पोरगी टाळ्या पिटायची. दुपार संपूच नये असं वाटत होतं.

नवं शतक लागल्यावरच्या एका भाद्रपदात झड लागली. दोन दिवस पाऊस थांबेना. नवरा हिंगोलीला ऑफिसात अडकलेला, एस.टी. बंद. तळं तुडुंब, पाणी उंबऱ्याखाली बोटभर. मी पोरीला कॉटवर बसवलं, गुडघाभर पाण्यातून चराच्या तोंडाशी गेले आणि वरच्या दोन फरश्या उपसून काढल्या. चार वाजेपर्यंत पाणी वीतभर उतरलं. मला आनंदानं रडू आलं.

पाऊस थांबल्यावर फरश्या परत बसवायच्या होत्या. उद्या बसवते, असं रोज म्हणत राहिले. पुन्हा झड लागली तर, ही भीती. पायाखाली कोरडी जमीन, आणि फरश्या आमच्या परसात कडब्याखाली. त्या वर्षी पाऊस परत आलाच नाही.

दसऱ्याच्या आधी मावशी कळप घेऊन आली. मुरमाड पट्टा उघडा पडला होता, भोवती चिखल. गल्ली जमली. कुणीतरी म्हणालं, म्हशीनं पाडल्या असतील फरश्या. मी लगेच मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला भर दुपारी पडलं होतं.

मावशी चराच्या तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्या घराकडं वळली.

"बाई, त्या झडीत घरात पाणी शिरलं व्हतं का?"

"नाही."

"भिंत?"

"उभी आहे."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "लेकरू व्हतं ना आत."

तिनं कळप कयाधू नदीकडं वळवला. लांबची वाट, ऊन डोक्यावर आलेलं. मी "मावशी" अशी हाक मारली. ती ओरडून म्हणाली, "जा घरात, ऊन लागंल." म्हशीचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं.