सगुणाबाईचा मुतखडा

उत्रोलीच्या पुढे भातखाचरांच्या मधोमध एक छोटी वाडी आहे. तिथला कुणी पिऊन घरी निघाला की आधी चपला हातात घेतो आणि सगुणाबाईच्या घरामागच्या बांधावरून जातो. सरळ रस्त्याने जायची त्याची छाती होत नाही, कारण या बाईने एकदा बाटली आडवी केलेली आहे.

त्याचं असं झालं. वाडीच्या तोंडाशीच देशी दारूचं दुकान होतं आणि सगुणाबाईचा नवरा चिमाजी त्या दुकानाच्या पायरीवरच संपला. तेरावा उरकला, पाहुणे गेले आणि सगुणाबाई शेजारच्या बनाबाईला म्हणाली, "माझा गेला. तुझा अजून हाय. चल माझ्यासंग." दोघी दारोदार फिरल्या. शिव्या खाल्ल्या, एका घरातून तर अंगावर खरकटं पाणी आलं. शेवटी सरकारला मतदान घ्यावंच लागलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. बायकांनी शिक्के मारमारून बाटली आडवी पाडली, दुकानाला कुलूप लागलं आणि बनाबाईच्या घरातली भांडी फुटायची थांबली. तेव्हापासून वाडीत कुणाचं भांडण लागलं, कुणाची सोयरीक जुळली, तरी पहिला शब्द सगुणाबाईचा.

अशा या बाईला बिअर आवडायची. आता हे ऐकून हसू येईल, पण तिच्यासाठी ते हसण्यावारी नव्हतं.

सुरुवात मुतखड्याने झाली. कमरेत अशी कळ यायची की बाई खाचरातच बसकण मारायची. भोरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पण मुतखड्यावर बिअर हेच औषध, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. जो तो तेच सांगायचा, आणणारा मात्र कुणी नव्हता. मुलगा धनाजी शिरवळच्या कंपनीत कामाला. तो म्हणाला, "आई, तुझ्यासाठी म्या बाटली आणली तर लोक शेण घालतील तोंडात."

शेवटी आणली ती अय्युबने. अय्युब कापूरहोळचा, टेम्पोवाला. त्याची आई आणि सगुणाबाई भोरच्या बाजारात एकाच पोत्यावर बसून भाजी विकायच्या. एक उठली तर दुसरी दोघींचा माल सांभाळायची. आई गेल्यावर अय्युबने हिलाच आईच्या जागी धरलं. स्वतः त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण काकूंचं दुखणं ऐकलं आणि सरळ हायवेवरच्या बिअर शॉपीत गेला. सगुणाबाईने गोठ्यात बसून, नाक दाबून, जर्मनच्या पेल्यातून ती बिअर घेतली. दोन दिवसांनी खडा पडला. गोळ्यांनी पडला, पाण्याने पडला की बिअरने, देव जाणे.

पंचाईत पुढेच झाली. भाताची मळणी झाली, अंगात भाताची कुसळं शिरलेली, घसा कोरडा, आणि बाईला त्या कडू, गार घोटाची आठवण झाली. मन मानेना. तिने अय्युबला निरोप धाडला, "खडा परत आलाय वाटतं." अय्युब बिचारा धावत घेऊन आला.

मग हा खडा दरवर्षी यायला लागला. लावणी संपली की यायचा, मळणी झाली की यायचा, वैशाखात ऊन तापलं की हमखास यायचा. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती, नातवंडं दिवसभर फ्रिज उघडत. म्हणून रांजणाखालच्या ओल्या वाळूत बाई बाटली पुरून ठेवायची. दुपारी सगळी पांगली की सोबत भाजलेला बोंबील घेऊन गोठ्यात बसायची. एक पेला प्यायची, ढेकर द्यायची आणि म्हशीशी बोलत बसायची. तेवढ्या वेळात ती कुणाची आई नसायची, आजी नसायची, दारूबंदीवाली तर नसायचीच. मात्र तिने त्या बाटलीला कधी दारू म्हटलं नाही. तो शब्द आला की तिला दुकानाची ती पायरी दिसायची. ती औषधच म्हणायची, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन तिने अय्युबकडून घेतलं होतं.

यंदा मळणीनंतर सून नूतन तांदूळ पोचवायला कापूरहोळला गेली होती. परत आली ती हळहळत.

"आत्या, अय्युबभाईंच्या नुजहतचं लग्न मोडायला आलंय. सासवडचं स्थळ होतं, पोरगा फुरकान, चांगला शिकलेला. पन त्याच्या माणसांना कळलंय की अय्युबभाई पितात. बिअर शॉपीसमोर टेम्पो उभा असतो म्हणं. काचेवर एवढं मोठं नुजहतचं नाव लिवलंय, सगळ्यांनी वळाखलं. रविवारी येणार हायेत, नकार सांगायला."

सगुणाबाई तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

दुसऱ्या दिवशी अय्युब पोती न्यायला आला. तिने त्याला गोठ्यात नेलं.

"अय्युबा, बायकोला काय सांगितलंस? खुर्शिदाला?"

"अल्लाची शपथ घेऊन सांगितलं, मी पित न्हाई. कुणासाठी नेतो ते न्हाई सांगितलं. ती बोलत न्हाई माझ्याशी."

"अरं, मग सांगायचंस की! आन् टेम्पो लांब लावता येत न्हवता?"

"लांब कशाला लावू? औषध आणायला जातो, चोरी न्हाई करत." अय्युबने टॉवेलने तोंड पुसलं. "माझं जाऊ द्या, काकू. मला तुमचीच काळजी लागलीया. इतक्या वरसांत खडा पडंना म्हंजी काय? पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवू. म्या घेऊन जातो."

सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराच्या घराला आग लागली होती आणि तो हिच्या कमरेची काळजी करत होता.

"खडा पडला रे. पहिल्याच बाटलीला पडला."

"आन् मग बाकीच्या?"

"बाकीच्या मला आवडल्या."

अय्युब बघतच राहिला. मग असा हसला, असा हसला, की खुंट्याची म्हैस बिचकली. हसू ओसरल्यावर म्हणाला, "तरी बी कुणाला सांगू नगा, काकू. बनाकाकू काय म्हणतील? वाडी काय म्हणंल? तुमी एवढं नाव कमावलंय. आमचं आमी बघू."

नेमकं तेच तिला खात होतं. शेत धनाजीच्या नावावर, घर सुनेच्या हातात. तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एक नावच होतं. ते गेलं की ती गोठ्यात बसून चोरून पिणारी म्हातारी, बस. आणि नाव राखावं तर नुजहत! बापाच्या टेम्पोतून यायची आणि हक्काने हिच्या चुलीपुढे बसून भाकरीवर लोणी मागायची, ती नुजहत.

रविवारी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि एसटीने कापूरहोळ गाठलं. अय्युबच्या घरी फुरकानची आई आणि चुलते बसले होते. चहा तसाच निवला होता. खुर्शिदाचे डोळे सुजलेले. सगुणाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "अय्युब बाटली आणतो, खरं हाय. पन माझ्यासाठी. पिणारी म्या हाय."

चुलते उठून उभेच राहिले. त्यांनी हात जोडले. "काकी, तुम्हाला कोण ओळखत न्हाई? आमच्याकडच्या बायका तुमचं नाव घेऊन दारूवाल्यांना दम देतात. अय्युबभाईंची अब्रू राखायला तुम्ही स्वतःवर आळ घेताय. मोठं मन हाय तुमचं. पन आमी कसं खरं मानायचं?"

झालं! जन्मभर कमावलेलं नाव नको तेव्हा आडवं आलं. अय्युब मान हलवून "नगा, काकू" असं खुणावत होता. सगुणाबाईने पदर खोचला.

"दुकान कुठंय ते?"

दुकान कोपऱ्यावरच होतं. ती तरातरा निघाली, मागून सगळं घर. रविवार असल्याने गिऱ्हाइकांची गर्दी होती. लुगड्यातली म्हातारी बघून माणसं आपोआप बाजूला झाली. त्यात तिच्या वाडीचा ज्ञानूही होता. त्याने घाईघाईने बाटली शर्टात कोंबली.

"लपवू नगं," सगुणाबाई त्याला म्हणाली, "म्या बी त्याच कामाला आले."

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय पाहिजे, आजी?"

"बियर. गार दे."

"कुठली?"

तिला नाव कुठे माहीत? तिने कधी विकत घेतलीच नव्हती. "हिरव्या बाटलीतली. जास्त कडू असती ती."

"कुणासाठी नेताय?"

"माझ्यासाठी," ती मोठ्याने म्हणाली. "मला आवडती. आन् कागदात गुंडाळू नगं."

भर रस्त्यातून बाटली तशीच, न झाकता, हातात धरून ती परत आली. अय्युबच्या दारात आल्यावर मात्र ती थांबली आणि बाटली घरात न नेता बाहेर भिंतीशी ठेवली. चुलत्यांनी ते पाहिलं. या घरात बाटली कधी शिरलेली नाही, हे त्यांना पटलं. मग टोपी सारखी करत खुर्शिदाला म्हणाले, "वहिनी, चहा गार झाला. दुसरा टाका. तारखेचं बोलू."

खुर्शिदाने आधी सगुणाबाईच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि मग नवऱ्याला, एवढं पोटात ठेवलंच कसं म्हणून, मनसोक्त बोल लावले.

भिंतीशी ठेवलेली बाटली तिने उचलली आणि अय्युबने तिला टेम्पोने वाडीवर सोडलं. ज्ञानू आधीच पोचला होता, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पारावरची माणसं टक लावून बघत होती. आपल्या ओट्यावर बनाबाई बसलेली दिसली आणि सगुणाबाईला वाटलं, टेम्पो असाच उलटा फिरवावा. पण ती उतरली आणि बाटली घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"ज्ञानू सांगतो ते खरं हाय, बना. औषध न्हाई, दारूच हाय ही. बोल काय बोलायचं ते."

बनाबाईने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"घरोघरी दोघी फिरलो," ती म्हणाली. "अंगावर खरकटं पाणी दोघींच्या आलं. आन् एवढी वरसं गोठ्यात एकटीच बसत हुतीस व्हय गं? मला हाक मारावी असं एकदा बी वाटलं न्हाई?"

चिमाजी गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेली सगुणाबाई तिथेच ओट्यावर बसली आणि बनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली.