होयबा आणि तीन अंडी

डांबरवाल्याला सगळं गाव ‘होयबा’ म्हणायचं, तेही तोंडावर. त्यावरही तो ‘हो’च म्हणायचा. गळक्या गच्च्यांना डांबर फासण्यात त्याची तीस वर्षं गेली, पण त्याच्या तोंडून ‘नाही’ ऐकल्याचा एकही साक्षीदार नाही. सासऱ्यांनी ‘मुलगी पसंत?’ विचारलं तेव्हाही, मुलगी बाहेर यायच्या आत हा ‘हो’ म्हणून मोकळा. बायको अजून ऐकवते, "आणि आतून माझी आत्या आली असती, तर?"

त्याचा जावई शिंपले सोलायच्या कारखान्याचा मॅनेजर. कारखान्याची गच्ची गळायला लागली ती नेमकी जावयाच्या टेबलावर. होयबा शिडी लावून वर चढला, आणि गच्चीवर पसरलेल्या खडीतून काहीतरी किंचाळत थेट त्याच्या टकलावर आलं.

कालवफोड्या पक्ष्याची मादी! काळीपांढरी, चोच गाजरासारखी लाल आणि लांबलचक. खाली बायका सुऱ्या घेऊन शिंपले उघडतात, हिला सुरीही लागत नाही. चोच फटीत घातली की काम फत्ते. खडीत तीन ठिपकेदार अंडी होती, बरोबर गळक्या भेगेवर.

होयबा खाली उतरला.

"झालं, बाबा?" जावयाने विचारलं.

"वर अंडी आहेत."

"मग ठेवा उचलून बाजूला."

होयबाच्या ओठांवर सवयीने ‘हो’ आलाच होता. पण टकलावरचा ओरखडा चुरचुरत होता. समोर डांबराची बादली घेतलेला धिप्पाड माणूस, आणि ती वीतभर बाई मागे हटली नव्हती.

"नाही," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"काय?"

"नाही म्हटलं, जावईबापू. तुमचं टेबल सरकवा. अंडी हलवली तर वाया जातील."

"मी दुसरा माणूस बोलावतो!"

"बोलवा. शिडी माझी आहे." आणि शिडी खांद्यावर टाकून तो चालू लागला. तेवढी उंच शिडी गावात एकच होती.

घरी बायकोने फैलावर घेतलं. "जावयाशी वाकडं? पोरीचा तरी विचार करायचा!"

"केला ना. ती पोटात असताना तुला कुणी उचलून बाजूला ठेवलं असतं, तर?"

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "एवढं बोलता येत होतं, तर तीस वर्षं तोंडात काय डांबर होतं?"

जावयाने आधी बादली लावली, मग छत्री. शेवटी दोन लहान शिड्या एकमेकींना बांधून स्वतःच वर गेला. चढायला त्याला पाच मिनिटं लागली, उतरायला पाच सेकंद. दुसऱ्या दिवशी टेबल सरकलं.

तीन आठवड्यांनी खडीत तीन करडे गोळे पळू लागले आणि आईबाप चोचीतून शिंपले आणून त्यांना भरवू लागले. होयबा पुन्हा आणून लावलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसून बघत होता.

"बाबा, आता तरी झालं का त्यांचं?" खालून जावई ओरडला.

"नाही!" होयबा वरून ओरडला. आता तो दचकला नाही.