दातांना काय लावता? भिवंडीतले दोन दिवस

लोक वर्षभर रजा साठवतात आणि बालीला जातात. मी भिवंडीला गेले, आणि याला जबाबदार माझी नणंद. अस्मिता डॉक्टर आहे, पण औषध लिहून देणारी नव्हे, प्रश्न विचारणारी. बायकांना होणारा तोंडाचा कॅन्सर आणि कमी वजनाची बाळं, या दोन्ही गोष्टी कुठल्या घरांत जास्त दिसतात आणि का, याचा अभ्यास तिची टीम करते. टीममधल्या दोघी एकदम आजारी पडल्या तशी तिला माझी आठवण झाली. "वहिनी, तुझं अक्षर चांगलं आहे. बाकी दोन तासांत शिकवते." नणंदेला नाही म्हणायची हिंमत मला लग्नाच्या अठराव्या वर्षीही आलेली नाही. शुक्रवारी पहाटे पुण्याहून निघालो.

ठाण्यापर्यंत प्रवास मजेत होतो. खरी परीक्षा कशेळीच्या पुलापासून. पूर्णा गाव येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, आणि मध्ये हजार कंटेनर आणि आम्ही. आपण घरबसल्या मागवतो ती चप्पल, कुकर, नको असलेलं टी-शर्ट, सगळं इथूनच निघतं म्हणे. कुणाला जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत पूल ओलांडा, नाहीतर डबा बरोबर घ्या.

पहिला मुक्काम कामतघर. चाळीच्या खालच्या मजल्यावर कापड विणणारे लूम, वरच्या मजल्यावर माणसं. लूमचा खडखडाट इतका की स्वतःचं नाव सांगायलाही ओरडावं लागतं. माझ्या फॉर्मवर एक लांबलचक प्रश्न होता: तंबाखू खाता, ओढता किंवा दातांना, हिरड्यांना लावता का? दोन घरांत मी तो पूर्ण ओरडून पाहिला. घसा बसला. तिसऱ्या घरापासून मी सुटसुटीत केला, "तंबाखू खाता का?" बायका हसून मान हलवायच्या, मी सुवाच्य अक्षरात "नाही" लिहायचे. दुपारपर्यंत तिथला गठ्ठा संपवला आणि स्वतःवर खूश होऊन नाक्यावर बिर्याणी हाणली. बिर्याणी उत्तम, फक्त "कम तिखा" हे शब्द तिथे कुणी मनावर घेत नाही.

शेवटचं घर वळ गावात. तिथली मनीषा सहा महिन्यांची गरोदर, अस्मिताच्या यादीतली. तिचा थोरला जन्मला तेव्हा जेमतेम दीड किलोचा, महिनाभर हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होता. "मी त्याला काचेतूनच बघायचे," मनीषा म्हणाली. "हा तरी हातातून घरी यावा. बाकी काही नको." हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी फॉर्ममध्ये मान घालून बसले. मग तिला आणि तिच्या सासूला, नंदाकाकींना, तोच सुटसुटीत प्रश्न विचारला आणि दोन "नाही" लिहिले.

तेवढ्यात लॉजवाल्याचा फोन आला, आमची खोली त्याने दुसऱ्याला दिली होती. नंदाकाकी म्हणाल्या, "हितंच ऱ्हावा की. घर एवढं मोठं हाय, मानसंच न्हाय." त्यांच्या शेतजमिनीवर गोदाम उभं राहिल्यावर त्या पैशातून बांधलेला तो बंगला खरंच मोठा होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. अस्मिताही तिची घरं संपवून जेवायला पोचली आणि माझे फॉर्म चाळत बसली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी मागच्या पायरीवर नंदाकाकींनी पाहुणीचा मान म्हणून माझ्या तळहातावर काळी पूड ठेवली. "लाव दातांना. ताजी भाजलीय." मी भरपूर लावली. मिनिटभरात पायरी फिरायला लागली आणि मी नळाला मिठी मारून बसले.

"यात काय असतं?" मी कसंबसं विचारलं.

"काय असनार? तंबाखू. मशेरी हाय ती."

शेजारी दात घासणारी अस्मिता थांबली. "काकी, काल तर तंबाखूला नाही म्हणालात."

"मंग? खात न्हायच. ही लावायची असते."

काकींचं बरोबर होतं. अस्मिताने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तू प्रश्न कसा विचारलास?" मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती मनीषाकडे वळली.

"मी पण लावते," मनीषा म्हणाली. "दिवसातून तीनदा. मळमळ थांबते."

"बाजारची न्हाय हां," नंदाकाकी कौतुकाने म्हणाल्या, "त्यात कायपन मिसळतात. मीच भाजून देते तिला. थोरल्याच्या येळेला पन मीच दिली."

अस्मिताने हळू आवाजात सगळं सांगितलं. ही पूडही तंबाखूच, आईच्या रक्तातून ती बाळापर्यंत पोचते, बाळ बारीक राहू शकतं. एका बाळाचं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, हेही सांगितलं. नंदाकाकी ऐकत होत्या, पण हातातली डबी त्यांनी मिटली. मग अस्मिताने काकींचं तोंड बॅटरीने तपासलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग होता.

"दुखत न्हाय तो."

"म्हणूनच दाखवायचा, काकी."

मनीषाने एवढंच विचारलं, "आता सोडली तर उशीर झालाय का?"

"नाही."

"मग आई, माझ्यासाठी भाजू नका." नंदाकाकी डबी घेऊन आत गेल्या. नाश्त्यालाही बसल्या नाहीत.

शनिवारचा दिवस माझ्या पापक्षालनात गेला. कामतघरची तीच दारं, तोच खडखडाट, यावेळी पूर्ण प्रश्न. कालच्या "नाही"वाल्या बायका सहज सांगत होत्या, "मशेरी ना? लावते की." त्यातल्या दोघी गरोदर होत्या. माझ्या आळसापायी त्या बिनतंबाखूच्या म्हणून कागदावर गेल्या असत्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

पुण्याला परतून तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात नंदाकाकींचा फोन आला. मनीषाला मुलगी झाली, पावणेतीन किलोची, तिसऱ्या दिवशी हातातून घरी आली. मला इतका आनंद झाला की ऑफिसात पेढे वाटायचं ठरवून टाकलं. काकींची मशेरी अर्ध्यावर आलीय, पुरती सुटत नाही. डागाचा तुकडा तपासायला दिलाय, मंगळवारी कळेल.

"ही चांगली भरली," त्या म्हणाल्या, "म्हंजी थोरला माझ्यामुळंच बारीक झाला. न्हाय का?"

मी घाईने म्हटलं, "काकी, एकदोन बाळांवरून असं ठरत नसतं. अस्मिता म्हणते, हजारो बाळं बघावी लागतात."

"तुमची आसतील हजार," त्या म्हणाल्या. "मला दोनच हायत."